शर्यतीच्या रस्त्यावरील पहिला धडा

मोटार हांकण्याच्या विषयावर या सदरांत कधीं लिहावें लागेल, असें मला वाटलें नव्हतें. येथें आजवर मुलांचे अभ्यास, आजारीपाजारी, सणवार, सासरमाहेर यांच्याच गोष्टी झाल्या. परंतु आमच्या खापरच्या घरीं गेल्या आषाढापासून पौषापर्यंत दुसरा विषयच नव्हता. आणि जें घरांत सहा महिने चालतें, तें घरगुतीच म्हणावयाचें.

खापर हें आमचें गांव अक्कलकुवा तालुक्यांत, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर आहे. पश्चिमेस थोडें गेलें कीं गुजराथची हद्द लागते. या रस्त्यानें रात्रंदिवस मालमोटारी धांवत असतात आणि त्यांच्यामधूनच उसाच्या ट्रॉल्या, माणसांनीं ओसंडणाऱ्या जीपगाड्या, शेळ्यांचे कळप व बैलगाड्या आपापली वाट काढीत असतात. घरांत मोटार होती ती पुतण्या चालवीत असे. दोन वर्षांपूर्वीं तो नोकरीनिमित्त पुण्यास गेला व गाडी अंगणांत उभी राहिली. वहिनींना हृदयाचा विकार आहे; मोठा दवाखाना नंदुरबारास. एका रात्रीं त्यांच्या छातींत कळ आली, तेव्हां गांवांतून वाहन मिळेपर्यंत पाऊण तास गेला. तो पाऊण तास आम्हीं सर्वांनीं त्यांच्या खाटेभोंवतीं उभें राहून काढला. दुसऱ्याच दिवशीं मीं शिकाऊ परवान्याचा अर्ज केला. माझें वय तेव्हां अठ्ठावन्न होतें.

पक्का परवाना यथाकाल मिळाला. परीक्षेंत इंग्रजी आठाचा आंकडाही मीं बिनचूक काढून दाखविला. मग आषाढांतील एका संध्याकाळीं, नातवाला शेजारीं बसवून अक्कलकुव्याहून परत येत असतां, पावसाच्या झिरमिरींत अगदीं पुढ्यांत एक बैलगाडी दिसली. तिला मागें दिवा नव्हता. मीं ब्रेकवर सगळा भार घातला, चाक उजवीकडे वळविलें. गाडी न वळतां सरळ बैलगाडीवरच चालली. घाबरून मीं पाय उचलला, त्याबरोबर ती एकदम उजवीकडे उसळली आणि रस्ता ओलांडून कापसाच्या शेतांत जाऊन रुतली. समोरून त्या क्षणीं एकही मालमोटार येत नव्हती, म्हणून हें सदर अजून चालू आहे.

कोणास खरचटलेंही नाहीं. गाडीवान जवळच्या पाड्यावरील एक वृद्ध गृहस्थ होते. दरसाल कार्तिकांत ते आमच्याकडे भुईमुगाच्या शेंगा घेऊन येत. त्यांना मीं, नातवादेखत, दिव्यावांचून रस्त्यावर आल्याबद्दल नको नको तें बोललों. ते कांहीं बोलले नाहींत. बैल सोडून बाजूस नेले, आणि माझी गाडी ओढून काढण्यासाठीं त्यांचीच जोडी जुंपली. त्या कार्तिकांत शेंगा आल्या नाहींत.

यानंतर मी गाडीस हात लावीना. किल्ली देवघराच्या कोनाड्यांत पडून राहिली. चेन्नईस असणाऱ्या माझ्या धाकट्या पुतणीला हें कळलें, तेव्हां तिनें दूरध्वनीवर सरळ सांगितलें, “काका, तुम्हांला गाडी चालवतां येते, थांबवतां येत नाहीं. इकडे या. येथें शर्यतीच्या रस्त्यावर नवख्यांना एका दिवसांत तेंच शिकवतात.” ती स्वतः तेथें शिकून आली होती.

आमचे दादा म्हणजे वडील बंधु. त्यांनीं चष्मा काढून ठेवला. “मोटार शिकायला मद्रासेला? आणि तीही शर्यतीची? या घराण्यांत आजवर कोणी घोड्यावरही पैसे लावले नाहींत.” खर्चाचा आंकडा ऐकल्यावर त्यांनीं त्याची कापूस वेचणीच्या मजुरीशीं तुलना करून दाखविली. वहिनींनीं मात्र आंतून एवढेंच विचारलें, “भावजी, जाणार केव्हां?” आमच्या घरीं अशा प्रश्नानंतर वाद संपतो. पौषांत मी नंदुरबारास नवजीवन एक्स्प्रेसमध्यें बसलों.

शर्यत म्हटली कीं आपल्यासमोर सारंगखेड्याची यात्रा येते. फार तर शंकरपट. मोटारींसाठीं निराळा रस्ता बांधण्याची कल्पना इंग्लंडांत निघाली व ब्रुकलँड्स येथें १९०७ सालीं असा पहिला रस्ता तयार झाला. आपल्याकडे चेन्नईजवळ शोलावरम येथें महायुद्धांतील विमानांची धांवपट्टी होती, तिच्यावर कैक वर्षें शर्यती होत. पुढें तेथील मोटार क्लबानें श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टै येथें स्वतःचा रस्ता बांधून १९९० सालीं खुला केला. त्याचा एक फेरा सुमारें ३.७ किलोमीटरांचा आहे. भगिनीवाचकांसाठीं मुद्दाम सांगतों कीं, पुण्याच्या डायना पुंडोले या दोन मुलांच्या आईनें २०२४ सालीं राष्ट्रीय मोटार शर्यतींत सलून गटाचें अजिंक्यपद मिळविलें. हा मान मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री. माझ्या पुतणीचा उत्साह कोठून आला हें मग मला समजलें.

सकाळीं आम्हां दहाबारा जणांस प्रथम एका खोलींत बसविलें. निशाणांचा पाठ झाला. पिवळें दिसलें कीं पुढें धोका, कोणास मागें टाकावयाचें नाहीं. लाल म्हणजे सर्वांनीं थांबावयाचें. निळें म्हणजे मागून वेगवान गाडी येत आहे, तिला वाट द्यावी. चौकटीचें म्हणजे शर्यत संपली. शर्यतीच्या रस्त्यावर इतकी शिस्त असेल अशी माझी कल्पना नव्हती. समोरून कोणी येत नाहीं, उलट्या बाजूनें कोणी शिरत नाहीं, दुकानाच्या पायरीवरून पोर धांवत सुटत नाहीं. शंभरांच्या वेगानें जाणारा तेथील माणूस आमच्या बाजाराच्या दिवशीं वीसनें जाणाऱ्यापेक्षां निर्धास्त असतो.

माझे शिक्षक तिशींतले होते. मोडक्या हिंदींत बोलत आणि थोडें बोलत. त्यांनीं आधीं माझी बैठक मोडली. मी आरामखुर्चींत बसावें तसा मागें रेलून बसत असें. त्यांनीं आसन पुढें ओढलें. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वांकलेला राहिला पाहिजे, आणि पाठ आसनास टेकलेली असतां मनगट चाकाच्या माथ्यावर पोहोंचलें पाहिजे. हात घड्याळांतील पावणेतीनच्या कांट्यांप्रमाणें. एवढ्यानेंच माझ्या खांद्यांतील ताठरपणा निम्मा गेला.

मग थांबण्याचा अभ्यास. सरळ रस्त्यावर रंगीत शंकू मांडले होते. तेथें पोहोंचतांच पूर्ण जोरानें ब्रेक दाबावयाचा. ताशीं ४० किलोमीटरांच्या वेगानें कोरड्या रस्त्यावर गाडी नऊदहा मीटरांत उभी राहिली. ८० च्या वेगानें तें अंतर दुप्पट होईल असा माझा त्रैराशिकी हिशेब होता. झालें चौपट. वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत हें अंतर वाढतें, असें मीं शाळेंत मुलांना तीस वर्षें शिकविलें; पण तें गणित कंबरपट्ट्याच्या काचणीनें छातीवर उमटेपर्यंत माझें झालें नव्हतें. शिवाय डोळ्यांनीं पाहिल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो, आणि ८० च्या वेगानें गाडी त्या सेकंदांत बावीस मीटर पुढें सरकलेली असते.

दुपारीं रस्त्याचा एक तुकडा पाण्यानें भिजविला. आमची अभ्यासाची गाडी जुनी होती. चाकें जखडूं न देणारी जी यंत्रणा २०१९ सालापासून आपल्याकडे नव्या मोटारींत सक्तीची झाली, ती तिच्यांत नव्हती. आमच्या घरच्या गाडींतही नाहीं. शिक्षकांनीं सांगितलें : ब्रेक पूर्ण दाबा, आणि तसाच दाबून धरून चाक उजवीकडे वळवा. मीं तसें केलें. गाडी वळली नाहीं. पुढचीं चाकें उजवीकडे तोंड करून, पाटावर घसरणाऱ्या साबणाच्या वडीसारखीं सरळच चाललीं. “आतां पाय उचला,” ते म्हणाले. पाय उचलतांच चाकें पुन्हां फिरूं लागलीं, त्यांनीं रस्ता धरला, आणि गाडी एकदम उजवीकडे उसळली.

मी गाडी थांबवून बसून राहिलों. ती आषाढांतली संध्याकाळ जशीच्या तशी माझ्यापुढें उभी होती. बैलगाडीला दिवा नव्हता हें खरेंच. परंतु माझ्या मोटारीला दोन होते, आणि त्यांचा उजेड जेथवर पोहोंचत होता त्याच्या आंत थांबतां येईल एवढाच वेग मीं ठेवावयास हवा होता. उरलेलें सर्व माझ्या उजव्या पायानें केलें. शिक्षकांना वाटलें, मला भोंवळ आली. त्यांनीं पाणी दिलें.

पुढें तो अभ्यास मीं दहाबारा वेळां केला. आधीं सरळ असतांनाच वेग उतरवावा, चाकें घसरूं लागलीं कीं ब्रेक एकदम न सोडतां किंचित हलका करावा, म्हणजे तीं फिरूं लागतात, मग वळवावें. ब्रेक दाबतांना गाडीचा भार नाकावर येतो व शेपूट हलकें होतें. आमच्याकडे गाडी उलाळ झाली कीं धुरा वर उचलला जातो, त्याच्या अगदीं उलट हा प्रकार. वळणाची तऱ्हाही शिकविली : बाहेरच्या कडेनें यावें, आंतल्या कोपऱ्यास स्पर्श करावा, पुन्हां बाहेर निघावें. ही विद्या मात्र मी तेथेंच ठेवून आलों. सार्वजनिक रस्त्यावर आपण डावी बाजू सोडून चालणार नाहीं.

शेवटीं शिक्षकांसह पांच फेरे झाले. मी सारखा समोरच्या कडेकडे पाहत होतों आणि गाडी कडेकडेच जात होती. ते बोटानें दूर, वळणापलीकडे दाखवीत : तेथें पाहा. तेथें पाहूं लागलों तेव्हां हात आपोआप त्याप्रमाणें वळूं लागले. पांचव्या फेऱ्यांत मला भीति वाटली नाहीं. माझ्यामागून सुटलेली एक कॉलेजांतली मुलगी मला दोनदां मागें टाकून गेली, हेंही लिहून ठेवतों.

घरीं आल्यावर दादांनीं दोन दिवस कांहीं विचारलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं तें नजरेचें सांगितलें, तेव्हां ते म्हणाले, “त्यांत नवें काय? वडील घोड्यावर बसायला शिकवतांना हेंच सांगत. लगाम मागून, नजर आधीं.” मग जरा थांबून, “तूं तेव्हां लहान होतास,” असें म्हणाले. खर्चाची गोष्ट त्यांनीं पुन्हां काढली नाहीं.

त्या रविवारीं मी नातवाला घेऊन पाड्यावर गेलों. उजेड पडतांच चमकणारी लाल पट्टी बरोबर घेतली होती, पण ती लगेच बाहेर काढावयाचें धैर्य झालें नाहीं. म्हातारबाबा खळ्यांत बसले होते. मीं म्हटलें, “बाबा, त्या दिवशीं चूक माझी होती. मी वेगांत होतों.” नातू माझ्याकडे पाहूं लागला. त्याला सहा महिने मीं दुसरेंच सांगितलें असतें.

त्यांनीं आम्हांला बाजेवर बसविलें, पाणी दिलें. बैल त्या दिवसापासून मोटारीच्या आवाजाला बुजतात, म्हणून आतां अंधाराआधींच परततों, असें ते म्हणाले. मग पट्टीचें निघालें. नातवानें ती गाडीच्या मागच्या फळीवर ओळीनें चिकटविली. बाबांनीं ती अंगठ्यानें दाबून पाहिली, आणि माझ्या मोटारीकडे बघून विचारलें कीं, ही आतां थांबते का?

मीं होय म्हटलें. त्यांनीं शेंगांचें गाठोडें नातवाच्या मांडीवर ठेवलें आणि आमची गाडी रस्त्याला लागेपर्यंत ते खळ्याच्या कुंपणाशीं उभे राहून पाहत होते.