सात, आठ आणि पुढे?

संस्थेची वाढ सभासदांच्या संख्येवरून मोजण्याची आपल्याला सवय आहे. दक्षिण आशियाई प्रादेशिक सहकार संघटनेबाबत, म्हणजेच ‘सार्क’बाबत, मला हे माप अपुरे वाटते. ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाक्यात भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका व मालदीव या सात राष्ट्रांनी ती स्थापन केली. २००७ मध्ये अफगाणिस्तान आठवे सभासद झाले. परंतु २०१४ च्या काठमांडू परिषदेनंतर, २०१६ मध्ये इस्लामाबादला ठरलेली परिषद होऊच शकली नाही. दोन देशांमधील वादाचे विषय चर्चेला घ्यायचे नाहीत, असे सनदेतच आहे. हेतू चांगला होता. पण उंबऱ्याबाहेर ठेवलेले भांडणच पुढे दार अडवून बसले!

तरीही मी निराश नाही. अफगाणिस्तान आले त्याच दिल्ली परिषदेत दक्षिण आशियाई विद्यापीठाचा करार झाला, आणि २०१० मध्ये ते दिल्लीत सुरू झाले. शेजारी देशांतील विद्यार्थ्यांनी एका वर्गात बसावे, हा त्यामागील विचार. राष्ट्रप्रमुख भेटत नसतील, तर निदान ही वाट तरी बंद होऊ नये, असा आग्रह आपण विद्यार्थ्यांनी का धरू नये? सभासद राष्ट्रे आठच राहिली तरी चालेल. एकमेकांना ओळखणारी माणसे मात्र वाढली पाहिजेत.