उंदराच्या पाठीवरची साक्ष पुरे झाली!

केसांच्या तेलाच्या बाटलीवर माक्याचे चित्र, जाहिरातीत गुडघ्यापर्यंत रुळणारे केस आणि खाली ठसठशीत दोन शब्द: 'शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध'. कोणी सिद्ध केले? कोणाच्या डोक्यावर?

बहुतेक वेळा उंदराच्या पाठीवर! 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात माक्याचा अर्क पांढऱ्या उंदरांच्या भादरलेल्या कातडीवर लावला गेला आणि केस लवकर उगवल्याची नोंद झाली. संशोधकांनी आपले काम केले. पाप त्यांचे नाही. पण उंदराचे केस पट्ट्यापट्ट्याने एकाच वेळी वाढीला लागतात. माणसाच्या डोक्यावर प्रत्येक केस आपल्या वेळेने चालतो: दोन ते सहा वर्षे वाढ, दोनतीन आठवडे उतरण, सुमारे तीन महिने विश्रांती, मग गळती. निरोगी माणसाचेही दिवसाला 50 ते 100 केस जातात. बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर गळालेले केस बहुधा काही महिन्यांत आपोआप परततात, आणि त्या काळात डोक्याला जे तेल लागले असेल त्याचा जयजयकार होतो. या जयजयकारावरच सारा धंदा उभा आहे!

हा धंदा मोडायचा उपाय ठाऊक नाही असे थोडेच आहे? एका गटाला अर्काचे तेल द्या, दुसऱ्याला नुसते तेल. कोणाला काय मिळाले हे लावणाऱ्याला कळू देऊ नका, मोजणाऱ्यालाही नको. टाळूच्या ठरावीक चौरस सेंटिमीटरातले केस निदान सहा महिने मोजा. 2015 साली इराणी संशोधकांनी 100 रुग्णांवर रोझमेरी तेल आणि केस उगवण्याचे औषध मिनॉक्सिडिल यांची सहा महिने तुलना केली. माणसांवर केली, हे मोलाचे. पण नुसते तेल लावणारा तिसरा गट नव्हता, आणि तेवढ्या भांडवलावर आज जगभर बाटल्या खपत आहेत.

जानेवारी 2025 मध्ये बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात अनेकांची डोकी काही दिवसांत बोडकी झाली. तेव्हा रक्त तपासले, पाणी तपासले, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनचा गहू तपासून त्यातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले. केस का गेले याची एवढी चौकशी होते, मग केस आणतो म्हणणाऱ्याची का नको? लग्नाच्या बाजारात मुलीची वेणी जोखणाऱ्या या समाजाने तिच्या मनात भीती पेरायची आणि व्यापाऱ्याने त्या भीतीचे पैसे करायचे, हे किती काळ चालणार?

औषध नियमांच्या परिशिष्ट 'जे'मध्ये टक्कल आहे, नवे केस उगवणेही आहे. टक्कल घालवण्याचा किंवा नवे केस उगवण्याचा दावा करायलाच औषधाला मनाई आहे. अंमल करा! आयुष मंत्रालयाने माका, जटामांसी, जास्वंद यांच्या अर्कांच्या चाचण्या सरकारी खर्चाने माणसांवर घ्याव्यात आणि निकाल, विशेषतः नापास झालेले निकाल, मराठीत छापावेत. तोपर्यंत अन्न व औषध प्रशासनाने 'सिद्ध' लिहिलेली प्रत्येक बाटली दुकानातून उचलावी.