मोबाईल स्टार्टरचे कुलूप



रात्रीची वीज आली की बॅटरी घेऊन, विंचूकाट्यातून विहीर गाठावी लागे. आता पुष्कळ ठिकाणी मोबाईल स्टार्टर बसले आहेत. घरून फोन लावला की मोटार चालू. सोय मोठी आहे. पण तुमच्या फोनने चालणारी मोटार दुसऱ्याच्या फोनने चालणार नाही कशावरून? ऐन पाळीला कोणी ती बंद पाडली, तर पीक आपलेच वाळणार.

स्टार्टरमध्ये सिमकार्ड असते. त्याच्या सोनेरी पत्र्याखाली एक बारीक चिप असते आणि तिच्या पोटात एक गुप्त आकडा. हा आकडा बाहेर पडत नाही. फोन कंपनी दर खेपेला नवा आकडा पाठवते, चिप त्यावर आतल्या आत हिशेब करून फक्त उत्तर देते. कंपनीजवळच्या हिशेबाशी ते जुळले तरच ओळख पटते. चोराने कालचे उत्तर ऐकले तरी आजचा प्रश्न वेगळा! अशी कार्डे १९९१ साली फिनलंडमधल्या फोनसेवेसाठी प्रथम बनली.

मात्र हे कुलूप फोन कंपनीच्या दाराचे. स्टार्टरचे दार निराळे. पुष्कळ स्वस्त यंत्रांत सगळ्यांना कारखान्यातून एकच पासवर्ड येतो आणि तो माहितीपुस्तिकेत छापलेला असतो. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने असेच साठेक ठरावीक पासवर्ड लावून पाहत जगभरचे लाखो कॅमेरे व राऊटर ताब्यात घेतले. त्यांच्या माऱ्याने २१ ऑक्टोबरला अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पडल्या. आपले यंत्र त्यात राबते आहे, याचा बहुतेक मालकांना पत्ताही नव्हता.

यावर उपाय म्हणून चांगल्या यंत्रांत आता सिमसारखीच स्वतंत्र सुरक्षा-चिप बसवतात. प्रत्येक यंत्राचा गुप्त आकडा वेगळा. काही यंत्रे सुरू होतानाच आतल्या प्रोग्रॅमवर कारखान्याचा शिक्का आहे का, हे तपासतात. शिक्का नसेल तर तो प्रोग्रॅम चालतच नाही.

तेव्हा घेताना दुकानदाराला विचारा, अशी चिप आहे का? बसवल्या दिवशीच पासवर्ड बदला. घरच्यांचेच नंबर नोंदवा, बसवणाऱ्या मिस्त्रीचा राहिला असल्यास काढा. मग नोंद नसलेल्या फोनवरून मोटार चालू होते का, हे स्वतः करून पाहा. फोन नंबराचे सोंगही आणता येते, म्हणून नंबर आणि पासवर्ड दोन्ही मागणारे यंत्र बरे. पाणी संपताच मोटार बंद करणारी सोयही असू द्या. हुकूम कोणाचाही असो, ती मोटार जळू देत नाही.

आणि एक गोष्ट घरात सर्वांना सांगून ठेवा. मोटारीला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करून फ्यूज काढा आणि ते खिशात ठेवा. फोनवर बंद केलेली मोटार फोनवर पुन्हा चालू होते. खिशातल्या फ्यूजला कोणाचाही फोन लागत नाही.