विश्लेषण : आयपी अ‍ॅड्रेस कोणाचा, हे कसे कळते?

छत्रपती शिवाजी महाराजांविषयी समाजमाध्यमावर आक्षेपार्ह मजकूर टाकल्याच्या आरोपावरून २००७ मध्ये बेंगळूरुच्या एका संगणक अभियंत्याला पुणे पोलिसांनी अटक केली. धागा होता एका आयपी अ‍ॅड्रेसचा. प्रत्यक्षात इंटरनेट कंपनीने भलत्याच ग्राहकाचे नाव कळवले होते. निर्दोष तरुणाला सुमारे ५० दिवस येरवडा कारागृहात काढावे लागले. आयपीचा ‘मालक’ आज कोणालाही शोधता येतो. म्हणूनच या शोधाची मर्यादा माहीत हवी.

शोध कसा घ्यायचा?
लिनक्स किंवा मॅक संगणकाच्या टर्मिनलमध्ये ‘हूइज’ ही कमांड इंग्रजीत लिहून पुढे आयपी टाकायचा. लिनक्सवर ती आधी इन्स्टॉल करावी लागू शकते. अँड्रॉइड फोनवर टर्मक्ससारखे अ‍ॅप वापरता येते. समजा, ८.८.८.८ हा आयपी दिला. ८.८.८.० ते ८.८.८.२५५ हे क्रमांक गूगलच्या नावावर असल्याचे दिसते. सोबत कंपनीचा कॅलिफोर्नियातील पत्ता आणि गैरवापराच्या तक्रारीसाठी ईमेलही मिळतो.

ही नोंद कोण ठेवते?
जगात पाच प्रादेशिक नोंदणी संस्था आहेत. आशिया-प्रशांत विभागाचे काम ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनची ‘एपनिक’ पाहते. भारतात ‘निक्सी’ या संस्थेच्या अखत्यारीतील ‘इरिन’कडे ही जबाबदारी आहे. कोणत्या कंपनीला कोणते क्रमांक दिले, याची नोंद या संस्था ठेवतात.

मग गुन्हेगार सापडतो का?
नाही. सातबाऱ्यावरून शेत कोणाच्या नावावर आहे ते कळते. काल रात्री शेतात कोण शिरले, ते कळत नाही. हूइजचेही तसेच आहे. त्यात बहुतेक वेळा इंटरनेट कंपनीचे नाव येते, ग्राहकाचे नाही. मोबाइल इंटरनेटवर तर एकाच सार्वजनिक आयपीमागे एकाच वेळी अनेक ग्राहक असू शकतात. देशाची नोंद म्हणजे वापरकर्त्याचे ठिकाणही नव्हे. वरच्या उदाहरणात पत्ता कॅलिफोर्नियाचा आहे, पण त्या आयपीला जगभरातील सर्व्हर उत्तर देतात. व्हीपीएन वापरणाऱ्याचा माग आणखी अवघड.

सामान्यांना उपयोग काय?
‘अनोळखी ठिकाणाहून लॉगिन’ असा इशारा आला तर घाबरण्याआधी आयपी तपासा. तो तुमच्याच मोबाइल कंपनीचा असेल, तर ते लॉगिन तुमचेच असण्याची शक्यता आहे. तरीही खात्री नसेल तर पासवर्ड बदला. सतत त्रास होत असेल, तर नोंदीतील तक्रारीच्या ईमेलवर आयपी, तारीख आणि सेकंदापर्यंतची वेळ कळवा. पैशांची फसवणूक झाली असेल, तर वेळ न दवडता १९३० वर फोन करा. ‘सर्ट-इन’च्या २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादारांना लॉग १८० दिवस जपावे लागतात. तक्रार त्याआधी व्हायला हवी.

आयपीच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या आहेत, हे योग्यच आहे. मात्र हूइजचा स्क्रीनशॉट फिरवून कोणाला गुन्हेगार ठरवणे गैर आहे. ग्राहकाचे नाव कायदेशीर मार्गाने कंपनीकडूनच मिळवावे लागते. तेथेही वेळ, पोर्ट क्रमांक आणि इतर पुरावे जुळल्याशिवाय अटकेची घाई नको. २००७ मधील चुकीची किंमत एका निरपराध माणसाने मोजली होती.