सुरमई संपली? बरं झालं!
मालवण ते तारकर्ली रस्त्यावर 'घरगुती मालवणी जेवण'चे फलक दाटीवाटीने उभे आहेत आणि मुंबई-पुण्याचा पाहुणा गाडीतून उतरता उतरताच सुरमई थाळी सांगून मोकळा होतो. रवा लावून तळलेली जाड तुकडी वाईट कशी लागेल? पण ती कुठेही तशीच लागते. इथली खरी गंमत बांगड्याच्या तिखल्यात आहे. लाल मिरचीचं दाट वाटण, आंबटपणाला आमसुलं आणि शेवटी ठेचून टाकलेली तिरफळं. बांगड्याचा उग्रपणा तीच मारतात. चावायची मात्र नाहीत, जीभ बधिर होते. पेडवे, मांदेली, तिसऱ्या घरोघरी शिजतात, पण मेनूकार्डावर त्यांना जागा मिळाली तर शेवटच्या ओळीत. दोष एकट्या हॉटेलवाल्याचा नाही. काट्यांना घाबरणारं गिऱ्हाईक त्याला सांभाळायचंय. (सोलकढी गुलाबी सरबतासारखी गोड करणाऱ्यांना मात्र माफी नाही.) आणि जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असताना 'एकदम ताजी सुरमई' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर बर्फात कधीपासून आहे एवढं विचारावं आणि खाडीतलं काय आलंय ते मागवावं.