मऊपणाची मिरासदारी

मराठी समीक्षेत 'वीण' आणि 'पोत' हे दोन शब्द जितक्या सढळपणे वापरले जातात तितके क्वचितच दुसरे कोणते वापरले जात असतील. कथेची वीण घट्ट असते, कवितेचा पोत तलम असतो, कादंबरीतले धागेदोरे एकमेकांत गुंतलेले असतात आणि समीक्षक त्यांची उकल करीत बसतो. ही सारी शब्दकळा ज्या कामातून उसनी आणली ते काम मात्र साहित्यव्यवहाराच्या लेखी रिकामपणाचा उद्योग ठरते. आम्ही काहीजण महाविद्यालयातले अध्यापन सांभाळून मेंढीची कच्ची लोकर धुतो, पिंजतो, टकळीवर काततो आणि सुयांवर विणतो. त्यावर सुशिक्षित वर्तुळातून येणारी प्रतिक्रिया ठरावीक असते. 'तुम्हांला बराच वेळ मिळतो बुवा,' ही पहिली. आणि विणलेली वस्तू हातात घेतल्यावर, 'पण ही टोचते हो!' ही दुसरी.

पहिलीला उत्तर देण्याचे कारण नाही. संध्याकाळचे दोन तास दूरचित्रवाणीसमोर घालवणाऱ्याला त्याच्या वेळेचा हिशेब कोणी विचारीत नाही. दुसरी प्रतिक्रिया मात्र वरवर निरुपद्रवी दिसली तरी तिच्यामागे एक अख्खी मूल्यव्यवस्था उभी आहे. लोकरीची एकच कसोटी, ती म्हणजे मऊपणा. जी मऊ नाही ती हलकी, आणि जी हलकी ती टाकाऊ, असा तो क्रम आहे. या मिरासदारीला आमचा विरोध आहे, कारण तिची किंमत मऊ लोकर मागणारे मोजत नाहीत. माळरानावरचे मेंढपाळ मोजतात.

प्रथम शब्दाचाच निवाडा करू. महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात दुकानात जाऊन 'लोकर' मागावी. दुकानदार रंगीबेरंगी गुंड्यांची भिंत दाखवतो, आणि तीतल्या बहुतेक गुंड्यांचा मेंढीशी कसलाही संबंध नसतो. ते ॲक्रिलिक असते, म्हणजे खनिज तेलापासून रासायनिक प्रक्रियेने बनवलेला तंतू. अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीने 'ऑर्लॉन' या नावाने त्याचे व्यापारी उत्पादन १९५० मध्ये सुरू केले. पाऊणशे वर्षांच्या आत या तंतूने आपल्या भाषेतला एक जुना शब्द इतका पुरता बळकावला, की आता खऱ्या लोकरीला 'शुद्ध लोकर', 'मेंढीची लोकर' अशी विशेषणे लावून स्वतःची ओळख पटवावी लागते. शब्दांच्या अर्थांतरावर प्रबंध लिहिणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंना हे उदाहरण सुचू नये, याचे नवल वाटते.

आता दख्खनी मेंढीविषयी. महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणाच्या कोरड्या पठारावर धनगर आणि कुरुबा यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली ही जात. तिची लोकर काळी, करडी, तपकिरी, क्वचित पांढरी; जाड, आखूड आणि केसाळ. मेरिनोचा तंतू साधारणपणे चोवीस मायक्रॉनच्या आत असतो. दख्खनीचे पुष्कळसे तंतू तीस मायक्रॉनच्या पुढचे. तीस मायक्रॉनहून जाड तंतूचे टोक कातडीवर दाबले गेले की वाकत नाही, रुतते, आणि आपल्याला टोचल्याची जाणीव होते. तेव्हा ही लोकर टोचते हे खरेच आहे. ते नाकारण्याची आम्हांला गरज नाही. आमचा प्रश्न निराळा आहे: टोचणे हा दोष कोणी ठरवला, आणि कोणत्या वापरासाठी?

याचे उत्तर गिरण्यांच्या इतिहासात सापडते. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या बाजारात लोकरीची प्रत ज्या अंकाने सांगत तो अंक म्हणजे एक पौंड विंचरलेल्या लोकरीतून ५६० यार्डांच्या किती लडी निघतील याची संख्या. तंतू जितका बारीक तितके सूत लांब, आणि सूत जितके लांब तितके एका पौंडातून कापड अधिक. लोकरीची उतरंड अशी गिरणीच्या हिशेबातून पक्की झाली. अंगाला लागणारा मऊपणा हा त्या हिशेबाचा सोयीस्कर सोबती. टकळीवर कातणाऱ्याला पौंडामागे किती यार्ड निघाले याच्याशी कर्तव्य नसते. तरीही गिरणीचा निकष आम्ही हौशी मंडळीही निमूटपणे शिरोधार्य मानतो आणि जगाच्या दुसऱ्या टोकाहून आलेली, आधीच धुऊन विंचरून रंगवलेली मेरिनो चढ्या भावाने मागवतो. तीच मंडळी मग 'हातमागाचा ऱ्हास' या विषयावर हळहळतात.

जाड लोकरीला प्रतिष्ठा मिळूच शकत नाही, असेही नाही. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवर विणले जाणारे हॅरिस ट्वीड काही लोण्यासारखे मऊ नसते. ते त्या बेटांवरच कातलेल्या लोकरीपासून, तिथल्याच रहिवाशांनी आपल्या घरी हाताने विणलेले असले पाहिजे, असा कायदा ब्रिटिश संसदेने १९९३ मध्ये केला. ते कापड खरखरीत आहे म्हणून कोणी नाक मुरडत नाही. त्याच्या कोटाखाली सुती सदरा घालतात, एवढेच. आपल्याकडचे सुशिक्षित लोकही ट्वीडचा कोट कौतुकाने घालतात. खरखरीतपणा परदेशी असला की त्याला 'व्यक्तिमत्त्व' म्हणायचे आणि आटपाडी-जतकडचा असला की 'टोचते' म्हणायचे, हा न्याय आम्हांला मान्य नाही.

या न्यायाचे परिणाम ज्यांच्या दारात पोचले आहेत त्यांच्याकडे पाहू. दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून साधारणपणे दोनदा कातरावी लागते. न कातरल्यास तिला उन्हाचा त्रास होतो, गोचीड माजतात. म्हणजे कातरणी टळत नाही, कातरणाऱ्याची मजुरी टळत नाही, आणि निघालेल्या लोकरीला मात्र अनेक ठिकाणी गिऱ्हाईकच नाही. ती बांधावर टाकून दिली जाते किंवा जाळली जाते. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ७.४३ कोटी मेंढ्या आहेत. २०२२-२३ मध्ये देशातले लोकरीचे उत्पादन सुमारे ३.३६ कोटी किलो होते. मेंढीमागे वर्षाला अर्धा किलोदेखील नाही. आणि तरीही तलम कपड्यांसाठी लागणारी लोकर आपण ऑस्ट्रेलियाकडून विकत घेतो.

मेंढपाळाने यावर आपला हिशेब केला आहे आणि त्यात काही चुकीचे नाही. मांसाला भाव आहे, लोकरीला नाही. मग जत तालुक्यातल्या माडग्याळ जातीचा उंच, वजनदार, अंगावर लोकर जवळजवळ नसलेला नर कळपात आणणे शहाणपणाचेच. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनीपासून जुळी कोकरे देणारी 'नारी सुवर्णा' तयार केली, तिचाही आधार मांसाचेच अर्थकारण. मेंढपाळाने लोकरीसाठी तोटा सोसावा असे सांगण्याचा अधिकार पगारदारांना नाही. पण लोकर असलेली मेंढी कळपातून हळूहळू दिसेनाशी होते तेव्हा तिच्याबरोबर लोकर निवडणाऱ्या, कातणाऱ्या धनगर स्त्रियांचे आणि घोंगडी विणणाऱ्या सनगरांचे ज्ञानही जाते, हे तरी निदान मोजावे. चिंचोक्याची खळ ताण्याला किती दाट द्यायची, हे कोणत्याही शासकीय अहवालात वाचून शिकता येत नाही.

हे ज्ञान म्हणजे काय, याची थोडी कल्पना आमच्या घरगुती प्रमाणावरही येते. कच्ची लोकर घरात आली की आधी ती निवडावी लागते: पाठीची वेगळी, पोटाची वेगळी, शेपटीकडची मळकट बाजूला. तिच्यात कुसळे असतात, गोखरू असते. कळप कोणत्या रानातून गेला ते त्यांवरून वाचता येते. मग कोमट पाण्यात रिठा घालून ती भिजवायची आणि अजिबात घुसळायची नाही. घुसळली की तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि हातात नमदा येतो. वाळत घातली की दिवसेंदिवस वाळत नाही. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओलावा पोटात घेऊनही हाताला कोरडी लागते. 'भिजत घोंगडे' हा वाक्प्रचार ज्या कोणी घडवला त्याने घोंगडे खरोखर भिजवले आणि वाळवले होते. आज तो वापरणाऱ्यांतल्या बहुतेकांना त्यातली गंमत समजत नाही.

पुढे पिंजणे, पेळू करणे, आणि टकळी. आखूड आणि ताठ तंतू पीळ कमी पडला की सुटतो, जास्त झाला की सुतळी होते. एका दिशेने कातलेले दोन पदर उलट्या दिशेने एकत्र पिळले तरच सूत स्वस्थ राहते. एकपदरी सुताने विणलेले कापड एका अंगाला कलते. बारीक सुयांवर हे सूत पुठ्ठ्यासारखे होते. सात नंबरच्या, म्हणजे साडेचार मिलिमीटरच्या सुयांवर त्याला श्वास घेता येतो. त्याचा बिनबाह्यांचा स्वेटर सदऱ्यावर घातला तर वारा अडवतो, आणि काळ्या-करड्या लोकरीला रंगवण्याची गरज नसते. गळपट्टा मात्र या लोकरीचा करू नये. ज्यांना मऊ हवे त्यांच्यासाठी परंपरेने 'जावळ' राखून ठेवले आहे: कोकराची पहिली कातरणी. मूल आणि कोकरू दोघांच्या पहिल्या केसांना एकच शब्द वापरणाऱ्या भाषेला मऊपणा ठाऊक होता, त्याची जागाही ठाऊक होती. तिने सगळी लोकर मऊ असावी असा हट्ट धरला नाही.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की हे सारे स्मरणरंजन आहे. स्मरणरंजन त्याचे, ज्याने ती गोष्ट पूर्वी केली होती. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरांत कधीच कोणी लोकर कातली नव्हती. आणि सुयांवरचे विणकाम तर या देशात युरोपीय मिशनऱ्यांच्या शाळांतून आणि मडमांच्या दिवाणखान्यांतून रुजले. दख्खनी लोकर आणि दोन सुया यांचा मेळ ही परंपरा नव्हे, नवा संकर आहे, आणि तो तसाच ओळखला जावा.

दुसरा आक्षेप खादीकडे बोट दाखवतो. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये सभासदत्वासाठी महिन्याला दोन हजार यार्ड सुताची अट मंजूर झाली; पुढच्याच वर्षी अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला. एवढ्या मोठ्या चळवळीने जे साधले नाही ते तुमच्या चार टकळ्यांनी काय साधणार, असा हा प्रश्न. पण खादीत कातणे हे व्रत होते आणि व्रताला आवडनिवड नसते. छंदाला असते. आम्ही कोणावर अट घालत नाही. आवड काय म्हणून एकाच दिशेला वळवली गेली, एवढेच विचारतो.

तिसरा आक्षेप गंभीर आहे. ज्यांचा पिढीजात व्यवसाय मोडला त्यांच्याच कामाचा पांढरपेशांनी विरंगुळा करावा, ही चैन नव्हे काय? आहे, आणि म्हणूनच ती फुकट असू नये. धनगराला 'वारसा' म्हणून हारतुरे नकोत, लोकरीला दर हवा. बाजाराला जाड लोकर परवडत नाही, कारण बाजाराला ती यंत्रात घालायची असते. हौशी माणसाला ती अडचण नाही. त्याला नफा काढायचा नाही, वेळेचे मोल लावायचे नाही. बाजाराच्या निकषाबाहेर जाण्याची मुभा ज्याला आहे असा एकमेव गिऱ्हाईक तोच. आणि त्यानेही जर गिरणीचाच निकष उचलला, तर त्याचा छंद म्हणजे खरेदीचे दुसरे नाव.

आम्हां मराठीच्या अध्यापकांना यातले एक साम्य टाळता येत नाही. 'खरखरीत', 'रांगडी', 'जाडीभरडी' ही विशेषणे आपण माणदेशी बोलीलाही लावली आणि माणदेशी लोकरीलाही. बोलीच्या बाबतीत निदान वाद झाले. १९५५ च्या 'बनगरवाडी'ने धनगरांची वस्ती मराठी कादंबरीच्या केंद्रस्थानी आणली, आणि ती कादंबरी आपण आजवर शिकवत आलो. पण तिच्यावर 'पोता'विषयी टिपणे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने, आणि ती तपासणाऱ्या प्राध्यापकाने, दख्खनी मेंढीच्या लोकरीचा पुंजका कधी बोटांत धरलेला असतो काय? तेवढा अनुभव नसेल तर 'पोत' हा शब्द म्हणजे निव्वळ पोकळ नाणे.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. विणणाऱ्यांनी येत्या कातरणीला मेरिनोच्या एका लडीऐवजी किलोभर कच्ची दख्खनी लोकर मेंढपाळाकडून थेट, घासाघीस न करता घ्यावी. ॲक्रिलिकला ॲक्रिलिक म्हणावे. आणि 'बनगरवाडी' शिकवताना वर्गात मूठभर लोकर फिरवावी. मुले म्हणतील, टोचते. मग का टोचते, आणि ती नकोशी कोणी ठरवली, यावर तास घ्यावा.