पिझ्झ्यावरील सोवळे-ओवळे

घरी पिझ्झा करण्याची प्रथा मराठी मध्यमवर्गात आता चांगलीच रुजली आहे. बेकरीतून तयार पाव आणावा, त्यावर टोमॅटो केचप पसरावे, ढोबळी मिरची, कांदा आणि मक्याचे दाणे टाकावेत, वर चीज किसावे, की झाला पिझ्झा. आमची तक्रार या पदार्थाच्या चवीविषयी नाही, ती बरीच बरी असते. तक्रार अशी आहे की, स्वतःचे स्वयंपाकघर, स्वतःची मंडई आणि स्वतःची जीभ हाताशी असताना आपण दुकानाच्या छापील यादीचीच नक्कल का करावी? घरी करण्याचा एकमेव खरा फायदा म्हणजे स्वातंत्र्य, आणि नेमके तेच आपण वापरत नाही.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतो. पहिला शुद्धतावाद्यांचा. त्यांच्या मते पिझ्झा म्हणजे नेपल्सचा, त्यावर टोमॅटो, मोझरेला आणि तुळशीच्या कुळातली ती बेझिलची पाने. बाकी सारा भ्रष्टाचार. या मताला कागदोपत्री आधारही आहे. नेपल्सच्या पिझ्झ्याला 2010 साली युरोपीय संघाने पारंपरिक पदार्थ म्हणून संरक्षण दिले आणि तेथील पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला 2017 साली युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. राणी मार्गेरिटासाठी राफाएले एस्पोझितोने 1889 मध्ये केलेल्या तिरंगी पिझ्झ्याची कथा तर सर्वतोमुखी आहे, जरी इतिहासकारांनी तिच्याविषयी शंका घेतलेल्या असल्या तरी. पण त्याआधीचे नेपल्स पाहावे. अलेक्झांडर द्यूमाने 1843च्या आपल्या प्रवासवर्णनात तेथील पिझ्झ्यांची नोंद केली आहे. कुठे तेल, कुठे चरबी, कुठे चीज, कुठे टोमॅटो, कुठे बारीक मासळी. मासळीच्या पिझ्झ्याचा भाव उतरला की जाळ्यात भरपूर मासा आला असे समजावे, असेही तो सांगतो. म्हणजे पिझ्झ्यावर काय पडावे हे त्या काळी राणी ठरवत नव्हती, बाजार ठरवत होता. आणि ज्या टोमॅटोवाचून शुद्धतावाद्यांचे पान हलत नाही, तो स्वतः अमेरिकेतून आलेला उपरा. आपल्या मिरचीचा आणि बटाट्याचा गाववालाच.

अननसाचे प्रकरण सर्वांना ठाऊक आहे. सॅम पॅनोपुलोस नावाच्या, ग्रीसमध्ये जन्मलेल्या गृहस्थाने 1962 साली कॅनडात डब्यातला अननस पिझ्झ्यावर टाकला. ‘हवाइयन’ हे नाव त्या डब्यावरून आले. 2017 मध्ये आइसलँडच्या राष्ट्राध्यक्षांनी शाळकरी मुलांसमोर गमतीने म्हटले की अधिकार असता तर आपण यावर बंदी घातली असती, आणि मग तसा अधिकार आपल्याला नाही, हे बरेच आहे, असा खुलासाही त्यांना करावा लागला. 2024च्या सुरुवातीला खुद्द नेपल्समध्ये जीनो सोर्बिल्लो या नामवंत पिझ्झेवाल्याने अननसाचा पिझ्झा विकायला ठेवला तेव्हा गावात गहजब झाला. सोवळ्याचा वाद फक्त आपल्याकडेच असतो असे नाही, हे पाहून थोडे समाधान वाटते.

दुसरी बाजू ‘काहीही चालते’वाल्यांची. पावभाजी पिझ्झा, पनीर टिक्का पिझ्झा, छोले पिझ्झा. यांना आम्ही कल्पकता म्हणत नाही. एका ताटातला तयार पदार्थ उचलून दुसऱ्या पावावर ओतणे याला फार तर स्थलांतर म्हणता येईल. शिवाय त्यात एक भौतिक अडचण आहे आणि तिच्याकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. नेपल्सची लाकडाची भट्टी 430 ते 480 अंश सेल्सिअसपर्यंत तापते, पिझ्झा साठ ते नव्वद सेकंदांत बाहेर येतो. आपला घरचा ओव्हन 250 अंशांशी थकतो आणि आठ-दहा मिनिटे घेतो. एवढ्या वेळात ओला मसाला पावात मुरतो, भाजीला पाणी सुटते आणि खाली लगदा होतो. म्हणून घरच्या पिझ्झ्यावर काहीही घालण्याआधी त्याचे पाणी आधीच काढता येते का, आणि ते भाजण्याआधी घालायचे की नंतर, हे पाहावे. बाकी चवीचे गणित सोपे आहे. चीज स्निग्ध आणि खारट, त्याला आंबट, तिखट किंवा कडू काहीतरी हवे.

या कसोटीवर खानदेशी भरीत उत्तम उतरते. हिरवी वांगी आणि मिरच्या निखाऱ्यावर भाजलेल्या, लसूण ठेचलेला, पाणी आटलेले. टोमॅटोऐवजी हेच पसरावे, चीज बेताने घालावे, आणि बाहेर काढल्यावर पातीचा कांदा व भाजलेले शेंगदाणे. बटाट्याला लोक नाके मुरडतात. पण रोममध्ये बटाट्याच्या पातळ चकत्यांचा पिझ्झा अगदी रोजचा आहे. चकत्यांना मीठ लावून पाणी पिळून टाकावे, तेलात घोळवाव्यात, आणि भाजून झाल्यावर वर वडापावची सुकी लसूण-खोबऱ्याची चटणी भुरभुरावी. पावात बटाटा घालून खाणाऱ्या प्रांताने यावर आक्षेप घेऊ नये. भोपळ्याच्या फुलांची भजी आपल्याकडे पावसाळ्यात होतात, रोममध्ये तीच फुले पिझ्झ्यावर खारवलेल्या अँचोव्ही माशांबरोबर पडतात. शाकाहाऱ्यांनी माशांच्या जागी आंबोशी बारीक चिरून पाहावी, खारटही आणि आंबटही. अननसावर चिडणाऱ्यांसाठी कापा फणस सुचवतो. गरे उभे चिरून, वर मिरचीचा ठेचा. बरका मात्र नको, त्याचा रस आवरत नाही. गोव्यातल्या व्हिनेगर-मिरचीच्या चोरिसाला तर कुणाच्या शिफारशीची गरजच नाही. त्याची चरबीच तेलाचे काम करते, वर तेल ओतू नये.

राहिला जवळा. नेपल्समध्ये अगदी बारीक माशांचा पिझ्झा जुना आहे, आणि आपल्या किनाऱ्यावर सुकवलेला जवळा तितकाच जुना. निवडून, कोरडा भाजून, कांदा-आमसुलाबरोबर थोडा परतून पिझ्झ्यावर घातला तर आमच्या मते या सर्व प्रकारांत तो पहिला क्रमांक पटकावेल. तरीही तो घालायला लोक कचरतात, आणि ज्या घरांत सुकट आवडीने खाल्ली जाते तिथेही पाहुण्यांसमोरच्या पिझ्झ्यावर ती येत नाही. कारण चवीचे नसते. बाटलीतल्या परदेशी अँचोव्हीला मासळीचाच वास असतो, पण तो वास प्रतिष्ठित ठरला आहे. कोळणीच्या टोपलीतल्या जवळ्याचा वास मात्र जिन्यात पोहोचला की शेजाऱ्यांच्या भुवया उंचावतात. काही इमारतींत तर घर देण्याआधीच त्याची चौकशी होते. आपण पिझ्झ्यावर काय घालत नाही, याची यादी तपासली तर तिच्यात पाककलेपेक्षा जातीपातीचे आणि ऐपतीचे हिशेब अधिक सापडतील. नेपल्सच्या शुद्धतावाद्यांना हसताना हे विसरता येत नाही.

जवळा ओव्हनमध्ये घालू नये, करपून कडू होतो. पिझ्झा बाहेर काढावा, वर परतलेला जवळा, कच्चा कांदा, कोथिंबीर आणि लिंबू. भाजताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात की बंद, हे ज्याचे त्याने ठरवावे. आम्ही उघड्या ठेवतो.